पाणी न लागलेली विहीर

आमच्या माण तालुक्यात विहिरीबद्दल पहिला प्रश्न एकच असतो. "पाणी लागलं का?" किती खोल गेली, किती पैसा ओतला, कुणी पाडली, ही चौकशी मागाहून. १९७२च्या दुष्काळात आप्पांनी माळाच्या तुकड्यात विहीर पाडायला घेतली तेव्हा मी दहा वर्षांची होते. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन सगळं रान फिरला. नारळ जिथे उभा राहिला तिथे आजीने हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पहार पडली. वर हातभर माती, मग मुरूम, वीस फुटांवर काळा पत्थर. तिथून पुढे सुरुंग. बार उडायच्या वेळी आम्ही पोरं लांब बांधाआड पालथी पडायचो आणि धुरळा बसला की काठाकडे धावायचो. पहिल्या वर्षी चाळीस फूट, दुसऱ्या वर्षी सत्तर. पाझरसुद्धा नाही. तिसऱ्या वर्षी आप्पा थांबले. पुढच्या बारासाठी तळात एक भोक पाडून ठेवलं होतं, त्यात दारू भरलीच नाही. यारीवाले यारी उतरवून बैलगाडीत घालून गेले आणि गावाने विहिरीला नाव ठेवलं, ते आजतागायत टिकून आहे. कोरडी.

दुपारची भाकरी घेऊन मी त्या विहिरीत उतरायचे. मे महिन्यात वर पाय भाजायचे आणि तळात मात्र माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. थंडीत याच्या उलट. वर माझे दात वाजायचे आणि खाली गडी अंगातली बंडी काढून पहार मारायचे. ज्यांच्या विहिरींना पाणी होतं त्यांच्याकडेही हाच प्रकार. पौषातल्या सकाळी पाण्यावर वाफ धरलेली असते, अंगावर घेतलं तर कोमट लागतं. खेड्यात वाढलेल्या कुणाला हे सांगावं लागत नाही.

यामागचं कारण मला कळलं ते पुढे भूगोल शिकवायला लागल्यावर. खडकातून उष्णता फार सावकाश चालते. उन्हाळ्याची ऊब खाली निघते, ती वाटेत असतानाच वर हिवाळा येतो आणि त्याचा गारवा तिच्या मागोमाग निघतो. दोन्ही एकमेकांना खात खात दहा-पंधरा मीटरांवर संपून जातात. त्याखाली बारा महिने एकच तापमान. आमच्याकडे ते सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास असतं. म्हणजे जमीन वर्षभराचं ऊन आणि थंडी एकत्र करून त्यांची सरासरी आपल्या पोटात ठेवते. पस्तीस वर्षं मी हे वर्गात सांगत आले, पण त्या सरासरीचं पुढे काय होतं हा प्रश्न मला कधी पडला नाही आणि कुठल्या मुलानेही विचारला नाही.

गेल्या सप्टेंबरात लेकीकडे फेअरबँक्सला गेले होते. अलास्काच्या मधोमध वसलेलं हे गाव. लेक तिथे इमारतींच्या पायाचं काम बघते. तिथली अडचण अशी की काही घरांखालची जमीन गोठलेली आहे आणि शेजारच्या घराखालची नाही. वरून पाहून काहीच कळत नाही. बर्फाने धरून ठेवलेल्या मातीवर घर बांधलं, घराच्या उबेने खालचं वितळलं, की एक कोपरा खाली बसतो. मग लोक जॅक लावून घर पुन्हा पातळीत आणतात. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्याखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. व्याख्येत अट दोनच वर्षांची आहे, पण लेकीच्या कामात सापडणारी जमीन हजारो वर्षांपासून गोठलेली असते.

एका रात्री जेवण झाल्यावर मी तिला कोरडीची गोष्ट पुन्हा सांगत होते. भावाचा फोन आला होता, गुरं-वासरं पडायची भीती वाटते, मुरूम टाकून विहीर बुजवून घेतो म्हणून. ती ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "आई, आमच्या विषयाची सुरुवातच पाणी न लागलेल्या विहिरीपासून झालीय."

ती विहीर सैबेरियात याकुत्स्कला आहे. लेना नदीकाठचं हे शहर जगातल्या सगळ्यात थंड शहरांमध्ये गणलं जातं. त्या काळी तिथे हिवाळ्यात प्यायचं पाणी म्हणजे नदीतून कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या. लागेल तसा घरात तुकडा आणायचा आणि चुलीजवळ वितळवायचा. फ्योदोर शेर्गिन हा रशियन-अमेरिकन कंपनीचा तिथला कारभारी होता. ही कंपनी केसाळ कातड्यांचा व्यापार करायची. त्याला वाटलं, आपल्या आवारात विहीर असावी. १८२८ साली खणायला सुरुवात झाली. वरचा थर गोठलेला असणार हे त्याला माहीत होतंच, तो ओलांडला की खाली पाणी लागेल हा हिशोब. पण थर संपेना. वैतागून तो काम बंद करणार होता. तेवढ्यात रशियन अमेरिकेचा, म्हणजे तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या अलास्काचा, गव्हर्नर म्हणून निघालेला व्रांगेल वाटेत याकुत्स्कला थांबला. हा स्वतः ध्रुवीय प्रदेश पायाखाली घातलेला दर्यावर्दी. त्याने शेर्गिनला सांगितलं, पाण्यासाठी नको, तर शास्त्रासाठी खणत राहा. शेर्गिन खणत राहिला. १८३७ मध्ये तो थांबला तेव्हा विहीर ११६ मीटर खोल गेली होती आणि तळ तरीही गोठलेला होता.

मी मनातल्या मनात फुटांत हिशोब केला. तीनशे ऐंशी फूट. आमच्या कोरडीच्या पाचपट खोल, तीही माणसांच्या हातांनी. त्या माणसांची नावं कुठे नोंदलेली असतील असं मला वाटत नाही. आप्पांसोबत कोरडीत राबलेल्या गड्यांची तरी कुठे आहेत?

त्या काळात युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांचा अशा जमिनीवर विश्वासच बसत नव्हता. शंभर वर्षं आधी ग्मेलिन नावाच्या निसर्गतज्ज्ञाने याकुत्स्कची जमीन खोलवर गोठलेली असल्याचं लिहून ठेवलं होतं. पण लेओपोल्ड फोन बूखसारखा नावाजलेला भूशास्त्रज्ञ ते मानायला तयार नव्हता. जिथे झाडं वाढतात तिथे खाली कायमचा बर्फ असेलच कसा, हा त्याचा सवाल. कार्ल एर्न्स्ट फोन बेअर याने मात्र शेर्गिनची विहीर मनावर घेतली. सस्तन प्राण्यांचं बीजांड पहिल्यांदा शोधून काढणारा हाच तो बेअर. त्याने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीला या विहिरीची हकिगत कळवली आणि गोठलेल्या जमिनीवर एक आख्खा ग्रंथ लिहून १८४३च्या सुमारास तयार केला. तो ग्रंथ छापला गेला २००१ साली! दीडशेहून जास्त वर्षं तो कागदांच्या ढिगात पडून होता.

बेअरच्याच आग्रहाने सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने अलेक्झांडर फोन मिडेनडॉर्फ या तरुणाला सैबेरियात पाठवलं. आधी तो तैमीर द्वीपकल्पात गेला. तिथे १८४३ मध्ये आजारी पडून बर्फाच्या आडोशाला अठरा दिवस एकटा पडून राहिला, सोबत्यांना त्याने मदत आणायला पुढे पाठवलं होतं. त्यातून वाचलेला हा माणूस पुढच्या वर्षी याकुत्स्कला येऊन पुन्हा एका गोठलेल्या खड्ड्यात उतरला, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. विहीर उघडी होती. हिवाळ्याची जड हवा आत उतरून भिंती गार करते, म्हणजे नुसता तापमापक खाली सोडला तर तो हवेचं तापमान सांगणार, जमिनीचं नाही. म्हणून मिडेनडॉर्फने वेगवेगळ्या खोलीवर भिंतींत आडवी भोकं पाडून घेतली आणि तापमापक त्यांत बसवले. वर जास्त गार, खाली कमी गार. तळाशी साधारण उणे तीन अंश. खाली जाताना तापमान ज्या गतीने चढत होतं त्यावरून त्याने हिशोब मांडला की गोठलेला थर शेर्गिनच्या तळाच्या बराच खालपर्यंत जातो. पुढे ते खरं ठरलं, याकुत्स्कखाली हा थर दोनशे मीटरांहून जाड आहे. शेर्गिन आणखी नऊ वर्षं खणत राहिला असता तरी त्याला पाणी लागलं असतं की नाही, शंकाच आहे.

ही विहीर आजही आहे. वर लाकडी ओंडक्यांची खोपी बांधून तिला जपली आहे. पाणी न दिलेली विहीर एखाद्या शहराने अशी देवळासारखी सांभाळावी हे ऐकून माझ्या मनात कोरडीविषयी काहीतरी हललं. पण खरी गोष्ट तर अजून पुढेच होती.

अलास्काच्या उत्तर टोकाला अमेरिकेच्या नौदलाने १९२३ मध्ये तेलासाठी मोठा प्रदेश राखून ठेवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे विहिरी घ्यायला सुरुवात झाली, १९७०च्या दशकात पुन्हा घेतल्या. बहुतेक विहिरींना व्यापारी उपयोगाचं तेल लागलंच नाही. तेलवाल्यांच्या भाषेतही अशा विहिरीला कोरडी म्हणतात, हे लेकीने सांगितलं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात आर्थर लाखेनब्रूख हा भूभौतिकीचा जाणकार होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या टाकलेल्या विहिरी मागून घेतल्या. गोठून बंद होऊ नयेत म्हणून त्यांत डिझेल भरून ठेवलं आणि वर्षानुवर्षं तापमापक सोडून मोजमाप केलं. एकदा मोजून भागत नव्हतं. विहीर घेताना यंत्राच्या आणि आत सोडलेल्या चिखलाच्या उबेने भोवतालचा खडक तापलेला असतो आणि तो पूर्ववत व्हायला काही वर्षं जातात. ती ऊब कशी ओसरते याचं गणित लाखेनब्रूखने १९५९ मध्ये मॅक्स ब्रूअरबरोबर आधीच मांडून ठेवलं होतं. म्हणजे काय वाचायचं आणि किती थांबायचं, दोन्ही त्याला ठाऊक होतं.

लेकीने वाणसामानाच्या बिलामागे मला त्याचा आलेख काढून दाखवला. वरून खाली खोली, डावीकडून उजवीकडे तापमान. पृथ्वीच्या पोटातली ऊब सतत वर येत असते, म्हणून खाली जावं तसं तापमान वाढतं. वरचं हवामान शेकडो वर्षं एकसारखं राहिलं तर ही रेघ सरळ तिरकी येते, पट्टीने आखल्यासारखी. अलास्कातल्या विहिरींत खालचा भाग तसाच सरळ होता. वरच्या शंभरेक मीटरांत मात्र रेघ उबेकडे वाकलेली होती.

तिने बिलावर पट्टी ठेवली आणि खालची सरळ रेघ तुटक तुटक वाढवत कागदाच्या वरच्या कडेपर्यंत नेली. "ही जिथे पोचली ते जमिनीचं जुनं तापमान. आणि खरी रेघ जिथे पोचली ते आत्ताचं. मधलं अंतर दिसतंय ना, तेवढी जमीन तापली." रेघ कुठून वाकायला लागली यावरून तापणं केव्हा सुरू झालं तेही काढता येतं, कारण ऊब खडकातून किती वेगाने उतरते हे माहीत असतं. शंभर वर्षांचा बदल साधारण शंभर-दीडशे मीटर खोलीपर्यंत जाणवतो. लाखेनब्रूख आणि व्हॉन मार्शल यांनी हे १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं. उत्तर अलास्काच्या जमिनीचा पृष्ठभाग गेल्या काही दशकांत ते शंभरेक वर्षांत २ ते ४ अंशांनी तापला आहे, हा त्यांचा निष्कर्ष. त्या ओसाड भागात शंभर वर्षांपूर्वी हवामानाच्या नोंदी ठेवायला जवळपास कुणी नव्हतं. नोंद ठेवली होती ती जमिनीने, आणि ती वाचायला या निरुपयोगी ठरलेल्या विहिरी लागल्या.

मी ते बिल घेऊन बराच वेळ बसले. पस्तीस वर्षं शिकवलेल्या सरासरीचं पुढे काय होतं ते त्या कागदावर होतं. ती खाली उतरत राहते. यंदाची सरासरी वर, आजोबांच्या काळची तिच्या खाली, पणजोबांच्या काळची आणखी खाली. अर्थात जमिनीला सगळं नीट आठवत नाही. खाली जाता जाता आठवण पसरते, एका वर्षाचं दुसऱ्यात मिसळतं. माझ्या आजीचं असंच होतं. तिला साल सांगता यायचं नाही. "पटकीच्या आधी", "मोठ्या दुष्काळाच्या मागं", "तुझा आप्पा रांगत हुता तवा" असं ती सांगायची. पण काळ चांगला होता की वाईट, हे ती अचूक सांगायची. जमीनही एवढंच सांगते आणि एवढ्यावर भरवसा ठेवता येतो.

दुसऱ्या दिवशी लेकीने मला फॉक्सला नेलं, शहरापासून थोडं उत्तरेला. रस्त्याला लागूनच तेलाची ती प्रसिद्ध पाइपलाइन जाते. उंच खांबांवर ठेवलेली आणि खांबांच्या माथ्यावर पंखांसारख्या पट्ट्या. त्या खांबांतून जमिनीतली ऊब थंडीत बाहेर टाकली जाते, खालचं गोठलेलं गोठलेलंच राहावं म्हणून. मूळ बेत होता पाइपलाइन जवळपास सगळीकडे पुरायची. १९७० मध्ये लाखेनब्रूखनेच गणित करून दाखवलं की गरम तेल वाहणारा नळ गोठलेल्या जमिनीत पुरला तर काही वर्षांत त्याच्याभोवती सहा ते नऊ मीटर व्यासाची जमीन वितळून चिखल होईल. शेवटी निम्म्याहून अधिक लांबी जमिनीवरून नेली. मी त्या खांबाला हात लावून पाहिला. एका माणसाचा हिशोब शेकडो किलोमीटर असा उभा राहिलेला बघून मला फार भरून आलं.

तिथून जवळच डोंगराच्या पोटात एक बोगदा आहे. अमेरिकेच्या लष्कराने १९६०च्या दशकात गोठलेल्या मातीचा अभ्यास करायला तो खणला. लेकीच्या ओळखीने आम्हाला आत जायला मिळालं. दार उघडलं आणि पहिल्यांदा आला तो वास. उकिरडा, शिळं ताक आणि ओल्या गोठ्याचा मिळून असावा तसा. चाळीस हजार वर्षांपूर्वीचं गवत आणि मुळं अर्धवट कुजता कुजता गोठली, ती आता बोगद्याच्या हवेला लागून पुन्हा कुजू लागली आहेत, त्याचा हा वास. छतातून मुळं लोंबत होती, बारीक, तपकिरी, काल उपटल्यासारखी. भिंतीत एक हाड अर्धं बाहेर आलेलं. पायाखाली पिठासारखी मऊ धूळ, कारण बर्फ हवेत उडून गेला की नुसती माती सुटते. तोंडावर रुमाल धरून मी भिंतीजवळ गेले आणि विजेरीच्या उजेडात पहिली बर्फाची पाचर बघितली. वर रुंद, खाली निमुळती, माझ्याहून उंच, राखाडी. आत उभ्या उभ्या बारीक रेषा, सुपारी कातरल्यावर दिसतात तशा.

ही पाचर कशी होते ते समजायला मला फार वेळ लागला नाही. आमच्या नदीकाठच्या काळ्या रानाला चैत्रात भेगा पडतात, कुणाचाही पाय अडकेल अशा. उन्हाने रान आटतं आणि फाटतं. इथे कडाक्याच्या थंडीने गोठलेली जमीन आकसते आणि फाटते. भेग काही मिलिमीटरची. वसंतात बर्फाचं पाणी तिच्यात उतरतं आणि खाली गेल्या गेल्या गोठतं. पुढच्या थंडीत जमीन नेमकी तिथेच फाटते, पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. एका वर्षाची एक रेघ. हजारो वर्षांत ती माणसाएवढी पाचर होते. जमीन कितीवर फाटेल, भेगांमध्ये अंतर किती राहील, त्यांची जाळी का होते, हे गणित मांडणाराही लाखेनब्रूखच, १९६२ मध्ये. आमच्या काळ्या रानातही भेगांची तशीच जाळी पडते, हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, तिच्या वर्गात तिने तेच उदाहरण दिलं होतं, पण कुणी भेगाळलेलं रान पाहिलेलं नव्हतं.

प्रत्येक रेघेतलं पाणी त्या त्या वर्षाच्या हिमाचं. पाण्यातल्या ऑक्सिजनमध्ये जड आणि हलके असे प्रकार असतात. हवा जितकी थंड, तितका हिमात जड ऑक्सिजन कमी. म्हणून पाचरीचा तुकडा वितळवून प्रयोगशाळेत तपासला की तो हिवाळा किती कडक होता याचा अंदाज येतो. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातले ड्वेन फ्रोज या पद्धतीने ध्रुवाजवळचं जुनं हवामान वाचतात. त्यांची सगळ्यात गाजलेली पाचर युकॉनमधल्या क्लोंडाइक भागातली, डोमिनियन ओढ्याकाठची. तिथे सोनं शोधणारे लोक पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गोठलेले कडे धुऊन काढतात आणि त्या धुण्यात मॅमथची हाडं, जुनी झाडं, बर्फाच्या पाचरी उघड्या पडतात. त्या पाचरीवर ज्वालामुखीच्या राखेचा पांढरा थर होता. राखेतल्या काचेच्या कणांवरून तिचं वय निघालं सुमारे ७,४०,००० वर्षं. राख वर, बर्फ खाली, म्हणजे बर्फ राखेहून जुना. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा उत्तर अमेरिकेतला माहीत असलेला तो सर्वांत जुना बर्फ होता.

मधल्या काळात पृथ्वी आजच्याहून उबदार झालेली आहे, निदान दोनदा, सव्वा लाख वर्षांपूर्वी आणि चार लाख वर्षांपूर्वी. तरी जमिनीखाली काही मीटरांवर ती पाचर टिकली. म्हणून काही लोकांना हायसं वाटतं. मला तसं वाटत नाही. अँटोन वाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैबेरियात लेना नदीजवळच्या एका चुनखडीच्या गुहेत हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली. गुहेच्या छतातून पाणी टपकलं तरच चुन्याचे स्तंभ वाढतात. वरची जमीन गोठलेली असली तर थेंबही गळत नाही. त्या गुहेतले स्तंभ गेल्या पाच लाख वर्षांत एकदाच वाढले, चार लाख वर्षांपूर्वीच्या त्या उबदार काळात, जेव्हा पृथ्वी उद्योगयुगाच्या आधीपेक्षा साधारण दीड अंशाने जास्त तापलेली होती. म्हणजे क्लोंडाइकमधली पाचर टिकली, पण लेनाकाठची जमीन तेव्हा वितळली. दीड अंश हा आकडा आता बातम्यांमध्ये रोज ऐकू येतो.

उत्तरेच्या गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन आहे, आज हवेत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. बोगद्यातला तो कुजका वास म्हणजे त्यातलाच अगदी थोडासा, हवेत निघालेला. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या प्रुडो बे भागात वीस मीटर खोलीवरची जमीन १९८०च्या दशकापासून दोन-तीन अंशांनी तापली आहे. उत्तर टोकाच्या उत्कियागविक गावात इन्युपियात लोक व्हेलचं मांस जमिनीत खणलेल्या तळघरांत वर्षभर ठेवतात. त्यांतली काही तळघरं आता पाण्याने भरतात, मांस टिकत नाही. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की पेढे वाटतात. तिथल्या बाईला सकाळी तळघराचं झाकण उघडल्यावर खाली पाणी चमकताना दिसत असेल तेव्हा तिच्या पोटात कसा गोळा येत असेल, याचा मी परतीच्या विमानात सारखा विचार करत होते.

निघायच्या आधी मी भावाला फोन करून सांगितलं होतं, मी येईपर्यंत कोरडी बुजवू नकोस.

हा उद्योग आपल्याकडे कुणी केलेला नाही असं नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय अनुसंधान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या बोअरहोलची तापमानं घेऊन २००२ मध्ये दाखवलं की भारताची जमीन दीडशे वर्षांत सरासरी ०.९ अंशाने तापली आहे. तीच वाकलेली रेघ, फक्त शून्याच्या वर. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, माझ्या गावाखालीही हे असणारच. सत्तर फुटांत शतकाचा इतिहास मावत नाही, लेकीने मला स्पष्ट बजावलं होतं. उघडी विहीर असल्याने हवेचा त्रास मिडेनडॉर्फला झाला तसाच होईल, हेही तिने सांगितलं. तरी आपण सुरुवात करू, दरवर्षी एकदा मोजू, म्हणाली. तिने दिलेला तापमापक बोटाएवढा आहे, दर तासाला स्वतःच नोंद करतो.

दिवाळी झाल्यावर मी, भाऊ आणि भाचा माळावर गेलो. कठड्यावर करवंदीची जाळी माजली होती, ती भावाने कोयत्याने मोकळी केली. भाचा कमरेला दोर बांधून उतरला. तळात गाळ, वाळका पाला, एक फुटकी पाटी. त्याने खराट्याने कोपरा झाडला आणि खालून ओरडला, "आत्या, हितं भोक हाय. हातभर खोल."

आप्पांनी पाडून ठेवलेलं शेवटचं भोक. बावन्न वर्षं ते तसंच होतं, दारू न भरलेलं. मी पिशवी दोराने खाली सोडली. भाच्याने भोकातली माती फुंकून काढली, तापमापक तळापर्यंत सारला आणि वर ओल्या चिकणमातीचा बोळा दाबून बसवला, सुरुंग भरल्यावर बसवतात तसा. भाऊ काठावर उकिडवा बसून बघत होता. आप्पा याच ठिकाणी बसायचे.

माळाच्या वाटेने मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा आमच्यापाशी थांबला. विहिरीत डोकावून त्याने विचारलं, "काय रं, पानी बघताय काय?"

"नाही आबा," भाऊ म्हणाला. "ऊन किती मुरलंय त्ये बघतोय."

म्हाताऱ्याने काठी टेकली आणि तोही आमच्याबरोबर खाली बघत उभा राहिला.